दुसऱ्या विद्यापीठातला पेपर आपल्या खात्यावर कसा जमा होतो?



गेल्या पंधरवड्यात देवणी भागातील एक सभासद ऊसबिलाच्या चौकशीसाठी गट कार्यालयात आले होते. बिलाचे बोलणे झाल्यावर म्हणाले, "साहेब, थोरल्यानं मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलंय. आता त्याला वाचा-उपचारतज्ज्ञ व्हायचंय. साडूचा पोरगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, दुसऱ्या विद्यापीठात चार-पाच पेपर दिले की थेट एम.ए.ला बसता येतं. या बिलातून फी भरून टाकू का?" वर्षाच्या कष्टाचा पैसा एका उत्तरावर अडलेला होता. असे प्रश्न इतरांच्याही घरी असतील, म्हणून हा लेख.

प्रथम वाचा-उपचार म्हणजे काय ते पाहू. मूल वेळेवर बोलत नाही, कोणी अडखळत बोलतो, कोणाची टाळू जन्मतः फाटलेली असते, तर एखाद्या वडीलधाऱ्याची वाचा लकव्याने जाते. आपण म्हणतो, "जीभ जड आहे, बोलेल हळूहळू," आणि उपचाराची वर्षे वाया जातात. पुष्कळदा मूळ दोष कानात असतो. म्हणून आपल्या देशात वाणी आणि श्रवण हे दोन्ही विषय एकाच पदवीत शिकवतात.

आता साडूच्या मुलाचे म्हणणे. ते खोटे नाही, पण ते तिकडचे आहे. अमेरिकेत या धंद्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. ज्याची पहिली पदवी दुसऱ्या विषयाची आहे, त्याला आधी काही पायाभूत विषय पुरे करावे लागतात: ध्वनिशास्त्र, बोलण्याच्या अवयवांची रचना, मुलांच्या भाषेची वाढ, श्रवणशास्त्र इत्यादी. शिवाय जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र आणि एखादे सामाजिक शास्त्रही झालेले असावे लागते. आपल्या विद्यापीठात त्यातला एखादा विषय नसेल, तर नाव तिथेच ठेवून तेवढा विषय शेजारच्या विद्यापीठात शिकण्याची सोय काही ठिकाणी असते. मात्र तो विषय आपल्याकडे धरला जाईल, अशी मंजुरी आधी घ्यावी लागते.

हे आपल्या व्यवहारातले आहे. दुसऱ्या काट्यावर वजन झाले, पावतीही मिळाली. पण आपल्या कारखान्याने ती पावती धरण्याचे आधी कबूल केले नसेल, तर खात्यावर टनभरही जमा होत नाही. अभ्यासाचेही तसेच आहे.

आपल्या देशातही एका विद्यापीठाचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, दुसरीकडे नेण्याची वाट झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांक बँकेचे नियम केले. त्यात विद्यार्थ्याचे खाते असते व मिळवलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. पदवी जिथून घ्यायची, तिथे निम्मे तरी श्रेयांक मिळवावे लागतात.

पण वाचा-उपचाराची गोष्ट वेगळी आहे. हा व्यवसाय १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेच्या ताब्यात आहे. परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पुरा करून तिच्या नोंदवहीत नाव चढल्याशिवाय उपचार करता येत नाहीत. पदव्युत्तर वर्गासाठी याच विषयाची पहिली पदवी, म्हणजे बी.ए.एस.एल.पी., लागते. बी.ए. झालेल्याने बाहेर चार-पाच पेपर दिले, तरी ते दार इथे उघडत नाही.

ही पदवी आंतरवासितेसह चार वर्षांची असून तिला बारावी विज्ञान लागते. मुंबईचे नायर रुग्णालय, वांद्रे येथील १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची १९६५ ची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या जुन्या व नावाजलेल्या जागा आहेत. राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालील प्रवेशासाठी नीटचे गुण पाहण्याची पद्धत आहे. तेव्हा त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

त्या सभासदांची धाकटी मुलगी लातूरला अकरावी विज्ञानाला आहे, पण गणित घेऊन, जीवशास्त्र सोडलेले. अशांसाठी एक वाट आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की, बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण झाल्यास नीटला बसता येईल. राहिलेला विषय दुसरीकडून पुरा करण्याचा आपल्याकडचा हा खरा मार्ग म्हणावा लागेल. तरी या पदवीच्या प्रवेशाला तो चालतो का, हे आधी विचारून घ्यावे.

थोरल्याची वाटही बंद नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला श्रवणदोष विभाग घेऊन विशेष शिक्षणाचे बी.एड. करता येते. ते केल्यावर ऐकू न येणाऱ्या मुलांचा शिक्षक म्हणून परिषदेकडे नोंद होते.

फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. संस्था व तो अभ्यासक्रम परिषदेच्या यादीत आहे का, ते पाहावे. बाहेरचा पेपर धरला जाईल, असे आपल्या विद्यापीठाकडून आधी लेखी घ्यावे. आणि शेवटी परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळणार का, हे स्पष्ट विचारावे. "मागाहून बघू" असे उत्तर आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

या शिक्षणाची गरज आपल्या भागालाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा-उपचारतज्ज्ञाची जागा धरलेली असते. आपल्याच गावचे पोर तिथे बसले आणि एखाद्या लेकराने त्याच्यासमोर पहिल्यांदा "आई" म्हटले, तर त्या चार वर्षांच्या फीचे चीज झाले असे समजावे.

त्या सभासदांनी फी भरली नाही. मुलाने बी.एड.ची माहिती मागवली आहे.