आरोपीचा वकील कसा निवडावा?

(नभोवाणीवरील भाषण)

घरांत कोणी आजारी पडलें तर कोणत्या डॉक्टरास बोलवावें, हें आपल्यापैकीं बहुतेकांस आधींच ठाऊक असतें. परंतु घरांतील कोणास पोलिसांनीं पकडून नेलें तर कोणत्या वकिलाकडे धांव घ्यावी, याचा विचार क्वचितच कोणी करून ठेवलेला असतो. आमच्यासारख्यांवर तसा प्रसंग कशाला येईल, अशी सुस्थितींतील कुटुंबांची समजूत असते. पण मोटारीच्या अपघातास, बांधावरून झालेल्या मारामारीस किंवा कचेरींतील हिशेबाच्या घोंटाळ्यास कुळाची प्रतिष्ठा आड येत नाहीं.

नंदुरबार जिल्ह्यांतील सुशिक्षित माणसाकडे तर हा प्रश्न आणखीहि एका वाटेनें येतो. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून निराळा झालेला हा जिल्हा तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या रांगा ओलांडून नर्मदेपर्यंत पसरलेला आहे. आणि त्यांतील बहुसंख्य वस्ती भिल्ल, पावरा, मावची इत्यादि आदिवासींची आहे. शेतावरचा सालदार किंवा घरीं कामास येणारी बाई अडचणीच्या वेळीं शिकलेल्या माणसासच विचारते, "भाऊसाहेब, पोराला धरून नेलें, आतां वकील कोणता करूं?" त्या क्षणीं आपल्या तोंडून निघालेलें एखादें नांव दुसऱ्याच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें ठरवून टाकण्याचा संभव असतो. म्हणून फौजदारी प्रकरणांत आरोपीचा वकील कसा निवडावा, याचा थोडा शांतपणें विचार करूं.

पहिली गोष्ट वेळेची. अटक केलेल्या मनुष्यास, प्रवासाचा काळ वगळून, २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलेंच पाहिजे. अटकेचीं कारणें त्यास सांगितलीं पाहिजेत आणि त्याच्या नातलगास किंवा स्नेह्यास तें वर्तमान कळविलें पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्यास राज्यघटनेच्या २२ व्या कलमानेंच दिला आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि, चौकशी चालू असतांना वकिलास भेटण्याची मुभा आहे. मात्र चौकशीच्या संपूर्ण वेळांत वकील शेजारीं बसूं शकत नाहीं. या पहिल्या दिवसांत जें घडतें, तें पुढें पुसतां येत नाहीं. न वाचतां केलेली सही, भीतीपोटीं दिलेलें उत्तर, मॅजिस्ट्रेटसमोर न सांगितलेली मारहाण, या सर्वांची सावली खटल्याच्या अखेरपर्यंत पडते. पोलिसांपुढें दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाहीं हें खरें. परंतु आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडली, तर त्या शोधाशीं निगडित असलेला भाग पुराव्यांत येतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति कोणावरहि करतां येत नाहीं, हें आरोपीस वेळेवर सांगणारा माणूस पाहिजे. म्हणून पहिला वकील हा त्याच दिवशीं त्या कोर्टांत पोंचूं शकणारा असावा. मुंबईच्या नामांकित कायदेपंडिताची वाट पाहत धडगांवच्या कोर्टांतील पहिली तारीख रिकामी घालविणें हें शहाणपण नव्हे. मोठा वकील मागाहूनहि करतां येतो.

दुसरी गोष्ट, खटला कोठें चालणार हें आधीं नीट समजून घ्यावें. गुन्हा जेथें घडला असें म्हणतात, सामान्यतः तेथील कोर्टांतच त्याची चौकशी व सुनावणी होते. नवापूरच्या रेल्वे स्टेशनांतून महाराष्ट्र व गुजरात यांची सीमा जाते. एकाच फलाटाचा कांहीं भाग या राज्यांत तर कांहीं त्या राज्यांत आहे. अशा मुलुखांत चार पावलांनीं देखील कोर्ट बदलूं शकतें. ऊंसतोडीसाठीं गुजरातेंत गेलेल्या मजुरावर तिकडे किटाळ आलें, तर त्याला तिकडच्या कोर्टांत वावरणारा वकील लागेल. नंदुरबारचा वकील कितीहि हुशार असला तरी त्याचा उपयोग सल्ल्यापुरताच. तसेंच, जिल्ह्यांतील प्रकरण हायकोर्टांत गेलें तर तें मुंबईस जात नाहीं. छत्रपति संभाजीनगर येथील खंडपीठाकडे जातें. जामिनाचा अर्ज वा अपील करण्याची वेळ आल्यास तेथें नित्य उभा राहणारा वकील शोधावा.

आतां माणसाची पारख. दिवाणी दाव्यांत नांव मिळविलेला वकील फौजदारींत तितकाच वाकबगार असेल असें नाहीं. खातेफोडीचें काम ज्यानें उत्तम केलें, त्यालाच खुनाच्या खटल्यांत उभें करणें म्हणजे डोळ्यांच्या वैद्याकडून हाड बसवून घेण्यासारखें आहे. पारख करण्याचा सोपा मार्ग असा कीं, सवड असेल तर एक दिवस कोर्टांत जाऊन बसावें. आपल्याकडील न्यायालयें सामान्यतः सर्वांस खुलीं असतात. कोण साक्षीदारास मोजके व नेमके प्रश्न विचारतो, कोण नुसता आवाज चढवितो, कोणाच्या हातांत खुणा केलेले कागद असतात आणि कोण दर वेळीं नवी तारीखच मागतो, हें दोन तासांत ध्यानीं येतें. मग वकिलाची भेट घेऊन विचारावें : अशा प्रकारचे खटले आपण शेवटपर्यंत चालविले आहेत काय? प्रत्येक तारखेस आपण स्वतः येणार कीं साहाय्यकास पाठविणार? जामीन, मुख्य सुनावणी आणि अपील यांची फी एकत्र कीं निरनिराळी? पावती मिळेल काय? चांगला वकील या प्रश्नांनीं रागावत नाहीं. उलट तोच आपणांस प्रश्न विचारूं लागतो, फिर्यादीची प्रत मागतो, आणि आपल्याला न रुचणारी गोष्टहि सांगतो.

कोणापासून दूर राहावें हेंहि सांगितलें पाहिजे. "शंभर टक्के सोडवून आणतों" असें जो म्हणतो तो एक तर अननुभवी असतो, नाहीं तर लबाड. सुटका झाली तरच फी, असा करार करण्यास बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे. पोलिस ठाण्याच्या किंवा कोर्टाच्या दारांत जो मध्यस्थ आपणहून वकिलाचें नांव सुचवितो, त्याचा कमिशनाचा हिस्सा शेवटीं आपल्याच फींतून जातो. आणि "साहेबांशीं आपली ओळख आहे" असें सांगणाऱ्यास तर तेथूनच नमस्कार करावा. या बाबतींत लोकमान्य टिळकांच्या खटल्यांचें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १८९७ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर दिनशा दावर हेच १९०८ सालीं न्यायासनावर होते. त्यांनींच या वेळीं बॅरिस्टर जिना यांनीं टिळकांसाठीं केलेला जामिनाचा अर्ज नाकारला आणि खटल्याच्या अखेरीस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्माविली.

त्याच खटल्यांतून दुसराहि एक बोध मिळतो. १९०८ सालीं टिळकांनीं स्वतःच आपला बचाव केला आणि ज्यूरीपुढें २१ तासांहून अधिक वेळ भाषण केलें. कारण त्यांना केवळ सुटका नको होती, आपलें म्हणणें देशापुढें मांडावयाचें होतें. १९१६ सालीं मात्र त्यांच्या व्याख्यानांवरून जामीनकीची मागणी झाली, तेव्हां जिना त्यांच्या बाजूनें उभे राहिले आणि मुंबईच्या हायकोर्टानें मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. वकिलानें मार्ग दाखवावा. पण कोठें जावयाचें तें अशिलानें ठरवावें. गुन्हा कबूल करावा कीं नाहीं, हा निर्णय तर आरोपीचाच आहे. आपल्याला न विचारतां असा निर्णय घेणारा वकील कितीहि विद्वान असला तरी आपल्या कामाचा नव्हे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचा गुण कोणता असें विचाराल तर मी म्हणेन, कागद वाचण्याचा. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर त्याच्या व साक्षीदारांच्या जबाबांच्या नकला आरोपीस विनामूल्य मिळतात. तत्पूर्वीं, आरोपी कोठडींत असतांना गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणें ६० किंवा ९० दिवसांत तें दाखल झालें नाहीं, तर जामिनावर सुटण्याचा त्याला हक्क येतो. मात्र तो दोषारोपपत्र येण्यापूर्वीं मागावा लागतो. हे दिवस बोटांवर मोजणारा वकील पाहिजे.

न वाचलेल्या कागदाची किंमत किती असते? २००३ सालच्या दरोडा व खुनांच्या एका प्रकरणीं भटक्या जमातींतील सहा गरीब माणसांवर नाशिकच्या सेशन्स कोर्टांत खटला चालून त्यांस फांशीची शिक्षा झाली. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानेंहि सहाहि जणांस फांशीच योग्य ठरविली. पुढें त्याच कोर्टानें तो निकाल पुन्हां तपासण्यास घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजीं सर्वांस निर्दोष ठरवून प्रत्येकास ५ लाख रुपये नुकसानभरपाई देण्यास सरकारास फर्माविलें. घटनेंतून वांचलेल्या साक्षीदार बाईनें पोलिसांजवळील छायाचित्रांतून ओळखलेले चौघे निराळेच होते, हा त्यांतील एक मोठा मुद्दा होता. सहांपैकीं एक जण घटनेच्या वेळीं अल्पवयीन होता, हेंहि मागाहून निष्पन्न झालें. छायाचित्रें ओळखलीं गेलीं तीं घटनेनंतरच्या पहिल्याच दिवसांत; त्या गोष्टीचें वजन पडावयास मात्र जवळजवळ सोळा वर्षें लागलीं. म्हणून "माझ्या मुलाचें वय विचारलेंत काय? ओळखपरेडीचा कागद पाहिलात काय?" असे साधे प्रश्न वकिलास विचारण्यास संकोच करूं नये. पाड्यावर जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत तर वयाचा प्रश्न पहिल्याच भेटींत निघाला पाहिजे.

येथें भाषेचाहि विचार येतो. कोर्टाचें काम मराठींत किंवा इंग्रजींत चालतें. आणि आरोपीस बोलतां येते ती भिलोरी, पावरी किंवा मावची. त्याच्या वतीनें पाटील बोलतो, चुलता बोलतो. तो स्वतः मान हलवितो. अशा वेळीं जो वकील भोंवतालच्या मंडळीस बाहेर बसवून, विश्वासू दुभाष्याच्या मदतीनें आरोपीच्याच तोंडून हकीकत ऐकतो, तो निम्मी लढाई जिंकतो. अशिलानें वकिलास सांगितलेली गोष्ट कायद्यानें गोपनीय राहते, हें आरोपीस समजावून द्यावें. त्याशिवाय तो खरें बोलणार नाहीं. एकाच प्रकरणांत अनेक आरोपी असतील, आणि एकाचा बचाव दुसऱ्यावर दोष टाकीत असेल, तर दोघांनीं एक वकील करूं नये.

आतां पैशाचा प्रश्न. पोराच्या खटल्यासाठीं बैलजोडी विकणारा बाप आपण पाहतों. त्याला हें कोणीतरी सांगितलें पाहिजे कीं, १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें अनुसूचित जमातीच्या किंवा जातीच्या व्यक्तीस, स्त्रीस, मुलास, तसेंच कोठडींत असलेल्या कोणासहि, उत्पन्न न पाहतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरणाकडे, तालुक्याच्या समितीकडे किंवा १५१०० या दूरध्वनिक्रमांकावर त्यासाठीं मागणी करतां येते. आरोपीस पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढें आणतांच त्याला या हक्काची जाणीव करून देणें मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक आहे, असें सुप्रीम कोर्टानें २०१२ सालीं अजमल कसाबच्या अपिलाच्या निकालांत सांगितलें. फुकटचा वकील म्हणजे नांवापुरता वकील, अशी समजूत धरूं नये. पण तो नांवापुरता ठरूं नये यासाठीं जागरूकहि राहावें. सातपुड्याच्या पलीकडे खंडवा येथें २०१३ सालीं एका गरीब आरोपीस ज्या दिवशीं वकील नेमून दिला, त्याच दिवशीं आरोप ठेवण्यांत आला आणि पंधरवड्याच्या आंत फांशीची शिक्षा झाली. २०१९ सालीं सुप्रीम कोर्टानें ती रद्द करून खटला पुन्हां चालविण्यास सांगितलें. जन्मठेप वा फांशी होऊं शकेल अशा खटल्यांत नेमलेल्या वकिलाचा किमान दहा वर्षांचा अनुभव असावा व त्याला तयारीस सामान्यतः किमान सात दिवस मिळावेत, असा दंडकहि तेव्हां घालून दिला. नेमलेला वकील तारखेस येत नसेल तर तो बदलून मागावा. त्यांत उपकाराची परतफेड चुकत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट आपणां श्रोत्यांसाठीं. गांवांत एखादा भयंकर गुन्हा झाला कीं, आरोपीचें वकीलपत्र कोणींच घेऊं नये अशी हांकाटी उठते. वकिलांच्या संघानें असा ठराव केला तर तो बेकायदेशीर होय, असें सुप्रीम कोर्टानें २०१० सालीं स्पष्ट केलें आहे. आरोपीचा वकील हा गुन्ह्याचा कैवारी नसतो. सरकारनें आणलेला पुरावा खरा कीं खोटा हें तावून पाहणारा तो कोर्टाचाच एक अधिकारी असतो. वर सांगितलेल्या सहा जणांविषयींहि लोकांची खात्रीच झालेली असेल.

तेव्हां प्रसंग नसतांनाच आपल्या तालुक्याच्या कोर्टांतील दोन-तीन वकिलांची माहिती करून घ्यावी, आणि विधि सेवा प्राधिकरणाचा क्रमांक घरांत लिहून ठेवावा. कोणी विचारावयास आलें तर सर्वांत मोठें नांव सांगूं नये. पहिल्या दिवशीं जो पोंचेल, आरोपीच्या तोंडून जो ऐकेल आणि शेवटच्या पानापर्यंत जो वाचील, त्याचें नांव सांगावें.