वृद्ध मार्जाराची शुश्रूषा

अमरकोशांत मांजराला जीं नांवें दिलेलीं आहेत त्यांपैकीं दोन त्याच्या मुखावरून पडलेलीं आहेत: उंदराला दांतांनीं धरणारा तो वृषदंशक आणि उंदीर खाणारा तो आखुभुक्. तिसरें नांव मार्जार. तें 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणें या धातूपासून आलेलें आहे. शिकार, आहार, स्नान, पिलांची ने-आण, सारें या प्राण्याला तोंडानेंच करावें लागतें. अशा प्राण्याच्या जबड्यांत म्हातारपणीं अर्बुद उद्भवलें म्हणजे त्याची काय दैना होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. बोलतां न येणाऱ्या या रुग्णाचें दुखणें ओळखावें कसें, आणि ओळखल्यावर घरच्यांनीं काय करावें, याविषयीं थोडें लिहावयाचें आहे.

मांजराच्या तोंडांतील घातक अर्बुदांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराला डॉक्टर 'स्क्वेमस सेल कार्सिनोमा' म्हणतात. जिभेखालीं किंवा हिरडीवर तें सुरू होतें व पुष्कळदां जबड्याच्या हाडांत शिरतें. बहुधा दहा वर्षांपुढील मांजरांना तें होतें. प्रारंभीं लाळ गळते, तोंडाला दुर्गंधि येते, घास तोंडांतून पडतो, एखादा दांत अकारण हलूं लागतो. हें सारें दांतांच्या साध्या दुखण्यांतहि होत असल्यामुळें घोटाळा होतो. दांत काढला आणि ती जागा आठवड्यांमागून आठवडे भरून आली नाहीं, तर संशय घ्यावा. उलटपक्षीं, जबड्यावरची प्रत्येक सूज म्हणजे कर्करोग नव्हे; दांताच्या मुळाशीं पू झाला तरी सूज येते. म्हणून एक्स-रे व गांठीचा तुकडा काढून केलेली तपासणी यांवांचून निदान मानूं नये. मुंबईस परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून आहे आणि आतां इतर शहरांतूनहि पशूंचे डॉक्टर आहेत. तेव्हां झाडपाल्याचा लेप लावून महिना घालविण्याचें कांहींच कारण नाहीं.

आमच्या घरची ठकी चौदा वर्षांची झाली असतां तिच्या खालच्या जबड्यास डाव्या बाजूला सुपारीएवढी टणक गांठ दिसली. त्यापूर्वीं पंधरा दिवस तिनें अंग चाटणें सोडलें होतें. पाठीवरचे केंस चिकटून त्यांच्या जटा झाल्या होत्या. सूनबाईंनीं तें प्रथम पाहिलें. तपासणीचा निर्णय आल्यावर शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आतां कशाला या व्यापांत पडतां? पोत्यांत घाला आणि मासळीबाजाराकडे सोडून या." मीं त्यांना इतकेंच सांगितलें कीं, जिला घास धरतां येत नाहीं तिला मासळीबाजाराचा काय उपयोग? आपल्याकडे ही चाल फार सर्रास आहे. उपासमारीची वेदना होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

शस्त्रक्रियेनें जबड्याचा भाग काढून टाकतां येतो. कुत्र्याला तें बरेंच मानवतें. मांजराला तितकें नाहीं. गांठ लहान व पुढच्या बाजूस असेल तरच त्यांत अर्थ असतो, आणि पुढें कित्येक आठवडे मानेंतून अन्ननलिकेंत घातलेल्या नळीनें अन्न द्यावें लागतें. ठकीची गांठ मागें हाडांत गेली होती. असें अर्बुद झालेलीं मांजरें बहुधा दोनतीन महिनेच जगतात. वर्ष काढणारीं विरळा. डॉक्टरांनीं हें स्पष्ट सांगितलें, तें बरें झालें. मग हे दिवस वेदनेवांचून कसे जातील एवढाच प्रश्न उरतो.

प्रथम वेदना. मांजर ओरडत नाहीं यावरून त्याला दुखत नाहीं असें समजूं नये. तें कोपऱ्यांत, कपाटामागें जाऊन बसतें. दुखत असतांहि तें घुरघुरतें, त्यामुळें माणूस फसतो. वेदनाशामक औषधें आहेत. कांहीं तोंडांत थेंब सोडून द्यावयाचीं, कांहींचा मूत्रपिंडांवर भार पडतो म्हणून रक्त तपासून द्यावयाचीं. परंतु तीं डॉक्टरांनींच द्यावीं. आपल्या घरांतील पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते, कारण त्याच्या यकृताला तें औषध पचवितां येत नाहीं. दयेपोटीं दिलेली गोळी विष ठरावी यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं.

दुसरा प्रश्न आहाराचा, आणि आमच्यासारख्या घरांत तोच नाजूक. आपल्याकडे मांजर दूधभातावर वाढतें असा समज आहे. वस्तुतः तें दूधभात खाऊन बाकीची भरपाई उंदरांवर करीत असतें. मांजर हा निखालस मांसाहारी प्राणी आहे. मांसांतील 'टॉरिन' नांवाच्या द्रव्यावांचून त्याचे डोळे व हृदय बिघडतात, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतहि नाहीं. आजारी मांजराची शिकार बंद पडली म्हणजे ही उणीव कोणी भरून काढावयाची? आमच्या घरीं मागच्या पडवींत निराळी शेगडी, निराळी वाटी व निराळा चमचा ठेवून हा प्रश्न सुटला. सौभाग्यवतींनीं पहिले दोन दिवस नाकाला पदर लावला. तिसऱ्या दिवशीं वाटी कोमट झाली कीं नाहीं हें त्याच बोट लावून पाहूं लागल्या! बाजारांत मिळणारें मांजराचें डबाबंद खाद्य किंवा कोंबडीचें शिजविलेलें मांस पाणी घालून अगदीं गुळगुळीत वाटावें, कोमट करावें म्हणजे वास सुटतो, आणि पसरट बशींत दिवसांतून पांचसहा वेळां थोडें थोडें द्यावें. त्यांत कांदालसूण नसावा. आपला चातुर्मासांतला हा निषेध मांजराच्या बाबतींत बाराही महिने खरा आहे; त्यानें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. दुखऱ्या तोंडांत बळें घास कोंबूं नये. मात्र दोनतीन दिवस पोटांत कांहींच गेलें नाहीं तर यकृतांत चरबी सांचून नवेंच संकट उभें राहतें, तेव्हां डॉक्टरांना लगेच कळवावें.

राहिलें मार्जन. तें आतां माणसानें करावयाचें. कोमट पाण्यांत मऊ फडका पिळून हनुवटी व पुढचे पाय जेवणानंतर पुसावे, जटा हलक्या हातानें कापाव्या, अंथरूण रोज बदलावें. हा रोग माणसाला लागत नाहीं. मुलांना दूर ठेवण्याचें कारण नाहीं. आमच्या नातवानें फडक्याचें काम आपणहून घेतलें होतें.

मीं शाळेंतल्या हजेरीपटासारखी एक वही केली होती. खाल्लें किती, झोंप लागली कीं नाहीं, सकाळीं उन्हाच्या जागेवर आली कीं नाहीं, आठवड्याचें वजन काय, एवढेच रकाने. डॉक्टरांना या वहीचा फार उपयोग झाला. आम्हांला त्याहून अधिक, कारण रोज डोळ्यांसमोर असलेल्या जिवाची घसरण डोळ्यांना दिसत नाहीं. सातव्या आठवड्यांत उन्हाच्या रकान्यांत सलग पांच दिवस फुली पडली. वजन दोन किलोंवर आलें होतें.

मग घरांत तो विषय निघाला. "आपल्या हातानें मारावयाचें?" असें सौभाग्यवतींनीं विचारलें. प्रश्न योग्यच होता. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत असाध्य रोगानें तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनीं इंजेक्शनकरवीं मरण देवविलें, तेव्हां अहिंसेच्या नांवानें त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला होता. त्यांचें म्हणणें असें कीं, दुसरा कोणताच उपाय उरला नसतां केवळ त्या जिवाच्या यातना थांबविण्यासाठीं केलेलें कृत्य हिंसा नव्हे. मला तें पटतें. मात्र यांत एक अट आहे, आणि ती कडक आहे. व्याप कुणाचा वांचतो आहे, त्या जनावराचा कीं आपला, हें आधीं तपासून पाहावें. वही समोर होती म्हणून आम्हांला तें तपासतां आलें. दोन दिवस विचार करून सौभाग्यवतींनींच डॉक्टरांना बोलवावयास सांगितलें.

डॉक्टर घरीं आले. आधीं गुंगीचें इंजेक्शन देतात. मांजर झोंपल्यावर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेंतून देतात, आणि थोड्याच क्षणांत श्वास थांबतो. डोळे उघडेच राहतात, हें घरच्या मंडळींना आधीं सांगून ठेवावें. उरलेलीं औषधें डॉक्टरांकडे परत दिलीं. परसांत पारिजातकाच्या पलीकडे, कुत्र्यांनीं उकरूं नये म्हणून तीन फूट खोल खड्डा घेतला. फडका नातवानें धुऊन दोरीवर वाळत घातला.