ज्ञान डोक्यात नको, पद्धतीत हवं!



क्लिनिक, पॅथॉलॉजी लॅब किंवा घरपोच नर्सिंग सेवा सुरू करायचा विचार करताय? मग जागा, मशीन, स्टाफ, पगार हा हिशोब तुम्ही मांडलाच असेल. पण एक प्रश्न राहून जातो. आपल्या माणसांना जे माहीत आहे, ते प्रत्येक पेशंटच्या कामी प्रत्येक वेळी येतं का? ते यावं म्हणून जी व्यवस्था लावायची, तिला म्हणतात नॉलेज मॅनेजमेंट. शब्द मोठा आहे, काम साधं आहे.

एक खरं उदाहरण बघू. आयसीयूमध्ये पेशंटच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिला सेंट्रल लाइन म्हणतात. त्या वाटेने जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेततं. 2001 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच ओळींची यादी केली:

1. हात धुवा.
2. त्वचा क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करा.
3. पेशंटवर निर्जंतुक कापड घाला. स्वतः टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला.
4. शक्यतो जांघेतली शीर टाळा.
5. गरज संपली की नळी काढा.

यात नवीन काय? काहीच नाही! सगळ्या डॉक्टरांना हे माहीत होतं. तरी गडबडीत एखादी पायरी सुटायची.

म्हणून यादीच्या जोडीला आणखी तीन गोष्टी केल्या. इकडेतिकडे ठेवलेलं सामान एका ट्रॉलीत आणलं. पायरी सुटली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला. आणि इन्फेक्शन किती झाली, ते मोजून टीमला नियमित सांगितलं. हीच पद्धत पुढे मिशिगन राज्यातल्या 100 हून जास्त आयसीयूंनी वापरली. 2006 साली निकाल छापून आले. तीन महिन्यांतच निम्म्या किंवा त्याहून जास्त आयसीयूंमध्ये अशा इन्फेक्शनचा आकडा शून्यावर आला होता!

आता तुमच्या व्यवसायाकडे या. समजा, आजोबांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे. दिवसपाळीच्या सिस्टरना ते तोंडपाठ आहे, पण लिहिलेलं कुठेच नाही. रात्री दुसऱ्या सिस्टर आल्या तर? किंवा पहिल्या सिस्टर नोकरीच सोडून गेल्या तर? त्यांचं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं आणि धोका आजोबांच्या वाट्याला आला.

म्हणून सुरुवातीलाच एवढं करा:

- ज्या कामात चूक परवडणार नाही, त्याची एका पानाची यादी करा. ती काम करणाऱ्यांकडूनच लिहून घ्या.
- पाळी बदलताना तोंडी निरोप नको. रजिस्टरमध्ये नोंद आणि सही हवी.
- सगळ्यात नवीन मुलीलाही "थांबा, हे राहिलं" म्हणता आलं पाहिजे. तिला कोणी दटावलं, तर तुम्ही तिच्या बाजूने उभे राहा.
- चुका मोजा आणि दर महिन्याला टीमसमोर मांडा, पण कुणाचं नाव न घेता.

यातल्या कशालाच मोठं भांडवल लागत नाही. एक वही आणि रोजची शिस्त पुरते. पहिला पेशंट येण्याआधी ती वही तयार ठेवा!