ध्वनियंत्रासाठी कोडेक चिपची निवड : दाभोळच्या मासेमारी नौकेचे उदाहरण

‘कोडेक’ या संज्ञेचे दोन अर्थ रूढ आहेत. ध्वनीचे आकडे संक्षिप्त करण्याची गणितपद्धती हा एक. आणि मायक्रोफोनकडून येणाऱ्या विद्युत्-लहरीचे आकड्यांत व आकड्यांचे पुन्हा लहरीत रूपांतर करणारी चिप हा दुसरा. येथे दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. अशी चिप निवडताना तिच्या बिटांची संख्या प्रथम पाहिली जाते. हा निकष कितपत ग्राह्य मानावा, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करता येईल.

वाशिष्ठी नदी अरबी समुद्रास मिळते तेथे दाभोळ बंदर वसले आहे. तेथून निघणाऱ्या मासेमारी नौकेसाठी सागरी व्हीएचएफ रेडिओचा ध्वनिविभाग रचावयाचा आहे, असे समजू. तांडेल बोलत असता त्याच्या आवाजात डिझेल एंजिनाचा गोंगाट मिसळतो. मायक्रोफोनपाशी आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबेलनेच वरचढ असेल, तर पुढे चिप कोणतीही असो, रूपांतराने हे अंतर वाढत नाही. आदर्श १६ बिटांची मर्यादा सुमारे ९८ डेसिबेल व २४ बिटांची सुमारे १४६ डेसिबेल असते. परंतु या जादा बिटांत येथे केवळ एंजिनाचाच गोंगाट अधिक बारकाईने नोंदला जाईल.

नमुन्यांच्या गतीचेही तसेच आहे. दूरध्वनीची पारंपरिक मर्यादा ३०० ते ३४०० हर्ट्‌झ असून तीस सेकंदास ८,००० नमुने पुरतात. सागरी व्हीएचएफचा ध्वनिपट्टाही असाच अरुंद असल्याने, केवळ प्रक्षेपणासाठी १६,००० नमुने घेऊन लाभ होत नाही. नौकेवरच ध्वनिमुद्रण वा वाणी-ओळख करावयाची असेल, तरच ते सार्थ ठरतात.

मात्र या अरुंदपणाची किंमत मराठी भाषकास मोजावी लागते. ‘स’ या वर्णाची बहुतांश ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. ती गाळली जाऊन उरलेला क्षीण अंशही गोंगाटात बुडाला, तर ‘साठ अंश’ ही दिशा ऐकणाऱ्यास ‘आठ अंश’ भासू शकते. संकटकाळी १५६.८ मेगाहर्ट्‌झच्या १६ व्या वाहिनीवर अशी चूक झाल्यास शोधनौका भलत्याच दिशेस जाईल. म्हणून ‘सहा, शून्य’ असे अंक सुटे उच्चारणे हितावह होय.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. प्रथम वाहिनीचा ध्वनिपट्टा पाहावा. नंतर चिपमधील पूर्वप्रवर्धकाचा स्वतःचा गोंगाट व त्याच्या प्रवर्धनाचे नियंत्रण तपासावे. कारण ओरडून बोलताना लहरीचा माथा एकदा छाटला गेला की मूळ आकार परत मिळत नाही. एंजिनाचा गोंगाट दुसऱ्या मायक्रोफोनने मोजून वजा करावयाचा असल्यास, दोन्ही वाहिन्यांचे नमुने एकाच घड्याळावर घेणारी चिप हवी. ८,००० नमुन्यांच्या गतीस दोन नमुन्यांमधील काळात ध्वनी हवेतून सुमारे ४.३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. शेवटी वीजखर्च आणि चिप पुढेही उपलब्ध राहण्याची शाश्वती पाहावी. बिटांच्या संख्येचा विचार या सर्वांनंतर करावा.