विळी, कांदा आणि विजेची सुरी

विंचूरला लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. कांदा इथे दारातच. गुडघ्यांमुळे आईचे विळीवर बसणे बंद झाले, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याने विजेची सुरी आणली. ती १२० व्होल्टची, आपली वीज २३० ची. सरळ लावली असती तर मोटर गेलीच असती.

या सुरीत दोन दातेरी पाती अंगाला अंग लावून असतात. एक पुढे जाते तेव्हा दुसरे मागे येते, म्हणून पदार्थ ओढला जात नाही आणि ताजा पावही चेपत नाही. दाबायचे नसते, नुसती दिशा द्यायची. विळीचे उलटे: पाते स्थिर, हलतो तो पदार्थ, आणि जोर अंगाच्या वजनाचा.

कांद्याला मात्र ही सुरी नको. पेशी फुटल्या की आतली विकरे रसात मिसळतात आणि डोळे झोंबवणारा वायू सुटतो. तो घडवणारे खास विकर जपानी संशोधकांनी २००२ साली ओळखले. दातेरी पाते जास्त पेशी फाडते. गुळगुळीत, धारदार पात्याने डोळे कमी झोंबतात. (बोथट विळीवर रडलेल्यांना हे ठाऊक आहेच.)

घ्यायचीच तर हातात धरून वजन पाहावे, बटण सोडताच थांबते ना ते पाहावे. पाती बसवताना-काढताना वायर भिंतीतून काढलेली हवी. धुवायची ती पातीच, मूठ नाही. हाडे, गोठलेले पदार्थ वर्ज्य.

आमच्याकडे तिने पाव आणि केक कापतात. कांदा आई खुर्चीत बसून, टेबलावर, साध्या सुरीने चिरते. विळी उरली ती नारळ खवायला, आणि तेही माझ्याकडे आले.