खंडनाची भाषा आणि प्रीतीची भाषा : ख्रिस्ती बालशिक्षणासंबंधी एक विचार

मराठीत ‘विश्वास’ हा शब्द दोन प्रकारच्या वाक्यरचनांत येतो. ‘आईवर विश्वास आहे’ या रचनेत त्याचा विषय व्यक्ती असते. ‘देव एक आहे असा विश्वास आहे’ या रचनेत त्याचा विषय विधान असते. नव्या करारातील ‘पिस्तिस’ या ग्रीक शब्दासाठी मराठी भाषांतरकारांनी हाच शब्द योजल्यामुळे ख्रिस्ती धर्मशिक्षणात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मुलाच्या वाढीत मात्र त्यांचा क्रम ठरलेला असतो. मूल प्रथम माणसावर विश्वास ठेवते. त्या माणसाने सांगितलेली विधाने ते मागाहून स्वीकारते. मुलांना श्रद्धा विरोधातून शिकवावी की प्रीतीतून, या प्रश्नाचे मर्म या क्रमातच आहे.

महाराष्ट्रात ख्रिस्ती विचार एकोणिसाव्या शतकात आला तो बव्हंशी वादाच्या भाषेत. १८३१ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर चर्चा केल्या. या खंडनमंडनाने मराठी गद्याला तर्काची शिस्त लावली, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यातील दोन्ही पक्ष प्रौढ व बहुश्रुत होते. ज्या मताचे खंडन चालले होते ते त्यांना आधीच ठाऊक होते. मुलाची स्थिती तशी नसते. ‘अमुक खरे नव्हे’ हे वाक्य कळण्यासाठी ‘अमुक खरे’ हे वाक्य आधी कळावे लागते. म्हणून खंडनाने आरंभ करणारा शिक्षक मुलाला स्वतःचा धर्म शिकवण्यापूर्वी दुसऱ्याच्या धर्माचे एक विकृत चित्र शिकवतो, आणि स्वधर्माची जागा तोवर रिकामीच राहते.

ही रिकामी जागा फादर थॉमस स्टीफन्स यांनी फार पूर्वी ओळखली होती. गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, की जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचण्यासारखे दुसरे पुराण का देत नाही? निषेध झाला होता. पण निषेधाने मनाची भूक भागत नाही. स्टीफन्स यांचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. श्रोत्यांच्या कानाला ओळखीचा असलेला छंद त्यांनी त्यासाठी घेतला. प्रौढ श्रोत्याची ही गरज असेल, तर बालकाची किती अधिक असेल!

अमेरिकेतील हार्टफर्ड येथील धर्मोपदेशक होरेस बुशनेल यांनी १८४७ साली ‘ख्रिश्चन नर्चर’ या ग्रंथात हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला. मुलाला पापी व परका मानून पुढे केव्हातरी होणाऱ्या मनःपरिवर्तनाची वाट पाहावी, हे तत्कालीन पुनरुज्जीवनवाद्यांचे मत त्यांना मान्य नव्हते. आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असे मुलाला वाटूच नये, इतक्या सहजपणे त्याची वाढ व्हावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाळूत अंडी टाकून निघून जाणाऱ्या शहामृगीची उपमा त्यांनी बेफिकीर पालकांना दिली. म्हणजे प्रीतीचे शिक्षण हे काही न शिकवण्याचे नाव नव्हे. उलट त्यात सहवासाचे श्रम अधिक पडतात.

शास्त्राचा आधारही याच दिशेचा आहे. जुन्या करारातील ज्या पुस्तकाला मराठीत ‘अनुवाद’ म्हणतात, त्याच्या सहाव्या अध्यायात देवावर प्रीती करण्याची आज्ञा आहे, आणि ती मुलांना घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता सांगावी असे म्हटले आहे. ‘अनुवाद’ शब्दाचा मूळ अर्थही मागाहून पुन्हा बोलणे असाच आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बापांनी मुलांना चिडीस आणू नये असे बजावले आहे, आणि शिस्त व शिक्षण यांचा उल्लेख त्याच वाक्यात येतो.

मराठी ख्रिस्ती घरांत या प्रश्नाला आणखी एक धार असते. मुलाची आजी, मामा, शेजारी बहुधा अन्य धर्माचे असतात. ‘मूर्तिपूजक अज्ञानी असतात’ हे वाक्य शिक्षकाच्या दृष्टीने सामान्य सिद्धांत असेल. मुलाच्या दृष्टीने ते आजीविषयीचे विधान असते. मग त्याने आजीवरचा विश्वास सोडावा की शिक्षकावरचा? रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे मुलगा देवदत्त दोन धर्मांच्या मध्ये वाढत होता. पुढे पतिपत्नी पुन्हा एकत्र राहू लागली, तेव्हाही लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळीत होत्या. ते विरले ते वादात हरल्यामुळे नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे ठाऊक आहे. टिळकांनी ख्रिस्ताला ‘माउली’ म्हटले, अभंगाची वाट धरली, आणि तुकोबांचे ऋण उघडपणे मानले. वारकऱ्यांचा हा शब्द घेताना त्यांना वारकऱ्यांचे खंडन करावे लागले नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. प्रीती हेही आमिष होऊ शकते; विरोध निदान उघड असतो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाविषयी १८९३ साली हाच संशय बळावला. रमाबाई प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार लावीत नसत. आपण सक्ती करीत नाही, पण दारही लावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती, हा प्रश्न वेगळा. त्यातून निघणारी कसोटी मात्र स्पष्ट आहे : मुलाने श्रद्धा न स्वीकारल्यास प्रीती कमी होणार असेल, तर ती प्रीती नसून मोबदला होय.

ही कसोटी स्वीकारली म्हणजे सिद्धांताचे शिक्षण सोडावे लागत नाही. मूल मोठे होते, भेद विचारू लागते, तेव्हा ते भेद स्पष्टपणे सांगावेच लागतात. त्या वेळी ‘असा विश्वास आहे’ ही रचना आपल्या योग्य स्थानी येते. कारण तिच्या आधीची ‘वर विश्वास आहे’ ही रचना तोवर घरात रोज वापरली गेलेली असते.