आमच्या घरांतील सत्तांतर

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं सत्तांतर झालें. त्यांत निवडणूक नव्हती आणि भांडण तर मुळींच नव्हतें. घराचा कारभार एका पेटींत होता तो दुसऱ्या पेटींत गेला, इतकेंच. परंतु त्या तीन आठवड्यांत आम्हांस आपल्याच घराविषयीं ज्या गोष्टी नव्यानें कळल्या, त्या ज्यांच्या घरीं वडील माणसें आहेत अशा वाचकांस उपयोगी पडतील असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम ही पेटी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. हल्लीं दिवे, पंखे, गीझर, गच्चीवरील टाकीचा पंप, माणसाची चाहूल घेणारे सेन्सर अशीं उपकरणें घरोघर दिसूं लागलीं आहेत. ह्या सर्वांचे निरोप ऐकून कोणीं केव्हां काय करावयाचें हें ठरविणारी जी पेटी, तिला 'हब' म्हणतात. दिवेलागणीस देवघरांतील समई घरची सून लावते, तर अंगणांतील दिवा ही पेटी लावते. पहांटे साडेचारला गीझर चालू करणें आणि टाकी भरतांच पंप थांबविणें हींही तिचींच कामें. आमच्याकडे अशीं ४३ उपकरणें आहेत. हा सारा खटाटोप आमच्या पुतण्यानें महाविद्यालयांत असतांना हौसेनें केला. पुढें तो शिक्षणासाठीं जर्मनीस गेला आणि पेटी मात्र निमूटपणें काम करीत राहिली.

मार्गशीर्षांत तिच्या कंपनीचें ई-पत्र आलें कीं, अमुक तारखेपासून आमची सेवा बंद होत आहे. पेटी आमची, पैसे आम्हीं मोजलेले, ती आमच्याच भिंतीवर टांगलेली. पण तिची बुद्धि दूर कोठल्याशा सर्व्हरवर बिऱ्हाड करून होती, हें त्या दिवशीं उमगलें. दिवाणखान्यांतील बटणाचा निरोप समुद्रापलीकडे जाऊन येई, आणि मग दहा हातांवरचा दिवा लागे! द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

हें एकट्या आमच्याच वांट्यास आलें असेंही नाहीं. अमेरिकेंत 'रिव्हॉल्व्ह' नांवाची २९९ डॉलर किंमतीची अशीच पेटी होती. तिची कंपनी २०१४ सालीं 'नेस्ट'नें विकत घेतली आणि मे २०१६ मध्यें लोकांच्या घरच्या पेट्या निर्जीव झाल्या. २०२२ च्या एप्रिलांत 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर एकाएकीं बंद पडले. त्याच वर्षीं जूनमध्यें कांहीं ग्राहकांनींच मिळून ती कंपनी घेतली, म्हणून तेथील मंडळी वांचली.

आम्हीं नव्या पेटीसाठीं 'होम असिस्टंट' ही प्रणाली निवडली. पाउलुस स्खाउट्सेन ह्या डच तरुणानें २०१३ मध्यें आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य व सर्वांस खुली आहे, आणि २०२४ पासून ती 'ओपन होम फाउंडेशन' ह्या संस्थेच्या स्वाधीन आहे. पत्त्यांच्या जोडाएवढ्या 'रास्पबेरी पाय' संगणकावर ती घरांतल्या घरांत चालते. इंटरनेट गेलें तरी दिवा लागतो, हा तिचा मोठा गुण.

आमचे धाकटे बंधू निवृत्त अभियंते आहेत. त्यांनीं पहिल्या रविवारीं कोणास पेटीला हातच लावूं दिला नाहीं. "दादा, आधीं यादी," म्हणाले, आणि दोनशें पानी वही घेऊन बसले. जुन्या पेटींत नियम पुष्कळ होते, पण त्यांचीं नांवें 'नियम ७', 'चांचणी नवी २' अशीं. तेव्हां घरांतील एकेकास बोलावून विचारणें भाग पडलें. स्वयंपाकघरांतील धूर ओढणारा पंखा आपोआप कसा लागतो हें सौ.ना ठाऊक नव्हतें; वहिनींना मात्र तो शेगडीवरच्या उष्णतेनें लागतो हें माहीत होतें, आणि मोदक उकडतांना तो उगीच गोंगाट करतो अशी त्यांची जुनी तक्रार होती. पंप सकाळीं सहाला कां चालतो हें कामाला येणाऱ्या बाईंनीं सांगितलें. पूर्वी त्या वेळीं नळ येई. आतां पाणी येतें साडेसातला! म्हणजे दीड वर्ष तो पंप कोरडाच फिरत होता. एकंदर २६ नियम निघाले, त्यांतील ९ कोणासच नको होते.

एका नियमाचा मात्र उलगडा होईना. 'माजघर २' ह्या सेन्सरला रात्रीं अकरा ते पहांटे पांच ह्या वेळांत हालचाल दिसली तर 'बल्ब १४' दहा टक्के तेजानें लावावा आणि चार मिनिटांनीं विझवावा, असा तो होता. बल्ब १४ कोणता? रात्रीं माजघरांत जातें कोण? पुतण्याचा कांहीं प्रयोग असावा असें म्हणून बंधूंनीं त्यावर काट मारली. आम्हींही मान डोलावली. घरांतील सर्वांस विचारून झालें होतें. एका आईस तेवढें विचारलें नव्हतें. ती चौऱ्यांशी वर्षांची, मोबाइलला हात लावीत नाहीं. तिला यांतलें काय ठाऊक, असा आमचा हिशेब.

पुढील दोन आठवडे स्थलांतरांत गेले. 'झिगबी' जातीचें उपकरण एका वेळीं एकाच पेटीशीं गुप्त किल्लीनें बांधलेलें असतें. त्यामुळें प्रत्येकास जुनी ओळख विसरावयास लावून नवी करून द्यावी लागते. बल्ब असेल तर पांच-सहा वेळां बंद-चालू करून आणि सेन्सर असेल तर त्याच्या भोंकांत टांचणी दाबून धरून. ह्यांत क्रम महत्त्वाचा. सतत विजेवर चालणारीं उपकरणें दुसऱ्यांचे निरोप पुढें पोंचवितात, म्हणून तीं आधीं घ्यावीं. बॅटरीवरचीं मागून, आणि तीं ज्याच्या त्याच्या जागीं ठेवूनच. आम्हीं उत्साहाच्या भरांत तीन सेन्सर जेवणाच्या टेबलावरच जोडले. ते टेबलाजवळच्या उपकरणाशीं गांठ घालून बसले आणि वरच्या मजल्यावर नेतांच मुके झाले.

आणखी एक फजिती सांगतों. नव्या पेटीचा रेडिओ आम्हीं संगणकाच्या जलद यूएसबी खांचेंत सरळ खोंवला होता. त्या खांचेच्या गडबडीनें २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत अडथळा येतो. मीटरभर लांबीची तार मध्यें घालतांच अर्ध्या तक्रारी मिटल्या. बल्बांचेंही एक शिकलों. गेलेली वीज परत आली कीं ते सारे आपण होऊन पेटतात, कारण मुळांत त्यांना तसेंच शिकविलेलें असतें. एके रात्रीं तीनला वीज आली आणि आमचें दुमजली घर असें उजळलें कीं, यांच्याकडे चैत्रांतच काकडआरती कशी सुरू झाली म्हणून शेजारच्या काकूंनीं सकाळीं चौकशी केली. 'पूर्वी होता तसाच रहा' अशी सूचना प्रत्येक बल्बास द्यावी लागली.

त्यानंतर चवथ्या रात्रींची गोष्ट. साडेतीनच्या सुमारास पाणी प्यावयास उठलों तों माजघरांतील बोळांत कोणी उभें असल्याचा भास झाला. दिवा लावला. आई होती. एक हात दाराच्या चौकटीवर, दुसऱ्या हातांत पदर, आणि पुढें न्हाणीघराकडे उतरणारी ती एक पायरी.

"आई, अशी कां उभी?"

"दिवा लागेल म्हणून थांबलें होतें."

"हाक मारायची नाहीं का?"

"तुम्ही दोघे रात्रीं उशिरापर्यंत त्या तारांत बसलां होतां. उठवायचें जिवावर आलें."

किती वेळ उभी होती, तें तिला सांगतां येईना. पायरी आहे हें ती जाणून होती, पण कोठें आहे तें पायांना आठवत नव्हतें. दोन वर्षें तें काम दिव्यानें केलें होतें. जुन्या घरांत आमच्या वडिलांनीं त्याच ठिकाणीं एक साधें बटण बसविलें होतें. रंगकामाच्या वेळीं अडगळ म्हणून तें आम्हींच काढविलें होतें.

सकाळीं बंधू वही घेऊन आईपुढें बसले. बल्ब १४ विषयीं तिला सारें ठाऊक होतें. तो पायांशीं असतो, डोळ्यांवर येत नाहीं. चार मिनिटांत विझतो, म्हणून परततांना दाराशीं हात हलवावा लागतो. थंडींत ती शाल पांघरून हळू आली तर त्याला दिसत नाहीं. आणि मांजर गेलें तरी तो लागतो, तेव्हां तो लागला म्हणजे कोणी उठलेंच असें समजूं नये. नातवानें जाण्यापूर्वी आठ दिवस रोज रात्रीं तिला चालावयास लावून तो नियम बसविला होता. हें आम्हां कोणासच कळलेलें नव्हतें. बंधूंनीं तें सर्व मुकाट्यानें लिहून घेतलें.

त्याच दिवशीं नियम पुन्हां घातला, चार मिनिटांचीं दहा केलीं. एवढ्यावर विसंबावयाचें नाहीं असें ठरलें. सेन्सरनें आणि बल्बानें पेटीस न विचारतां परस्परांशीं थेट बोलावें अशी सोय झिगबींत आहे. सर्वच सेन्सरांस ती साधत नाहीं, म्हणून तशा जातीचा एक आणविला. आतां पेटी बंद पडली तरी तेवढा एक दिवा लागतो. शिवाय चौकटीजवळ, हात सहज पोंचेल अशा उंचीवर, साध्या दिव्याचें साधें बटण पुन्हां बसविलें आणि पायरीपाशीं लांकडी कठडा केला. वायरमननें हें सर्व दीड तासांत उरकलें. आमचे तीन आठवडे कशांत गेले हें त्याला सांगण्याचें आम्हीं टाळलें.

वही आतां पंचांगाशेजारच्या खिळ्यावर असते. कोणत्या सेन्सरची बॅटरी कधीं बदलली हें त्यांत वहिनी लिहितात, आणि आमची सातवींतली नात नवीन उपकरण स्वतः जोडावयास शिकली आहे. 'बल्ब १४' हें नांव खोडून तिनें तेथें 'पणजीचा दिवा' असें लिहिलें आहे.

ठरल्या तारखेस जुन्या पेटीची पिन काढली. घरांत कांहींएक घडलें नाहीं. ती पेटी आईनें टाकूं दिली नाहीं. तिच्या उशाशीं ती चौरंगासारखी ठेवलेली आहे, आणि तिच्यावर चष्मा व विजेरी असते. विजेरी ती नवा दिवा लागल्यापासून ठेवूं लागली आहे. आम्हीं त्याबद्दल तिला कांहीं विचारलेलें नाहीं.